गोपनीयता-रक्षक संगणक-आज्ञावली व सुरक्षित जोडणीचा प्रश्न : प्रिव्हडॉग प्रकरणाच्या संदर्भात

प्रस्तावना :
आंतरजालावरील व्यवहार वाढले तसतशी वापरकर्त्यांच्या खासगीपणाविषयीची चिंताही वाढली. या चिंतेतूनच जाहिराती रोखणाऱ्या व मागोवा घेणाऱ्यांना अडविणाऱ्या अनेक संगणक-आज्ञावली बाजारात आल्या. परंतु कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागावी, असा प्रश्न फेब्रुवारी २०१५ मध्ये उघडकीस आलेल्या ‘प्रिव्हडॉग’ प्रकरणाने उभा केला. प्रस्तुत लेखात या प्रकरणाचे तांत्रिक स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

सुरक्षित जोडणीचे स्वरूप :
बँकेच्या संकेतस्थळाचा पत्ता ‘एचटीटीपीएस’ने सुरू होतो तेव्हा त्यातून दोन गोष्टींची हमी अभिप्रेत असते. पहिली, देवाणघेवाण कूटबद्ध आहे. आणि दुसरी, समोरचे संकेतस्थळ खरोखर त्याच बँकेचे आहे. दुसरी हमी डिजिटल प्रमाणपत्रामुळे मिळते. संगणकातील विश्वासार्ह मूळ प्रमाणपत्रांच्या यादीच्या आधारे ब्राउझर त्यावरील स्वाक्षरी तपासतो व ती न जुळल्यास इशारा देतो. ही दुसरी हमी नसेल तर पहिली व्यर्थ ठरते. कारण कूटबद्ध संभाषण चोराशीही होऊ शकते.

मध्यस्थाची भूमिका :
संकेतस्थळावरील जाहिराती काढून त्यांच्या जागी ‘विश्वासार्ह’ स्रोताच्या जाहिराती दाखविणे हे प्रिव्हडॉगचे कार्य होते. त्यासाठी पानातील मजकूर वाचणे आवश्यक होते. पण कूटबद्ध मजकूर वाचता येत नाही. म्हणून तिच्या स्वतंत्र आवृत्तीने संगणकात स्वतःचे मूळ प्रमाणपत्र बसविले आणि ब्राउझर व संकेतस्थळ यांच्यामध्ये ठाण मांडले. संकेतस्थळाशी ती स्वतः जोडणी करी व ब्राउझरला स्वतः स्वाक्षरी केलेले नवे प्रमाणपत्र देई. अशा वेळी मूळ प्रमाणपत्र तपासण्याची जबाबदारी मध्यस्थावर येते. नेमकी हीच तपासणी ३.०.९६.० व ३.०.९७.० या आवृत्त्यांत होत नव्हती. परिणामी बनावट प्रमाणपत्रही ब्राउझरपर्यंत वैध होऊन पोहोचे आणि इशारा उमटतच नसे. जर्मन पत्रकार हान्नो बॉक यांनी हा दोष निदर्शनास आणला. कंपनीच्या निवेदनानुसार जगभरातील जास्तीत जास्त ५७,५६८ वापरकर्ते बाधित होते. ब्राउझरमध्ये विस्तार म्हणून बसणाऱ्या आवृत्तीत हा दोष नव्हता.

सुपरफिश प्रकरणाशी तुलना :
त्याच महिन्यात लेनोव्होच्या काही लॅपटॉपवर आधीच बसविलेल्या ‘सुपरफिश’ या जाहिरात-आज्ञावलीचा दोष उघड झाला होता. तेथे सर्व संगणकांवर एकच खासगी किल्ली होती. ती हाती लागताच कोणालाही खोटी प्रमाणपत्रे तयार करणे शक्य झाले. प्रिव्हडॉगच्या बाबतीत आक्रमकाला किल्लीचीही गरज नव्हती. कोणतेही प्रमाणपत्र पुरेसे होते.

ही प्रकरणे अपवादात्मक म्हणता येत नाहीत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ई-वाणिज्य संकेतस्थळांकडील ६.२ टक्के सुरक्षित जोडण्या मध्येच अडविल्या जात असल्याचे आढळले. अशा अडविलेल्या जोडण्यांपैकी ३२ टक्के जोडण्यांची सुरक्षितता त्यामुळे घटली होती.

निष्कर्ष :
जाहिराती रोखण्यासाठी जोडणी फोडणे अपरिहार्य नाही. ब्राउझरचा विस्तार मजकूर उलगडल्यानंतर तेच काम करू शकतो. म्हणून एखादी आज्ञावली स्वतःचे मूळ प्रमाणपत्र बसवीत असेल, तर तिच्यावर बँकेइतकाच विश्वास टाकला जात आहे हे वापरकर्त्याने ओळखावे. बँकेच्या पानावरील प्रमाणपत्र उघडून ते कोणी दिले आहे हे पाहता येते. तेथे प्रमाणन संस्थेऐवजी आपल्याच संगणकातील आज्ञावलीचे नाव दिसल्यास जोडणी मध्येच उघडली जात आहे, हे निश्चित समजावे. आज्ञावली काढून टाकल्यावरही तिचे मूळ प्रमाणपत्र यादीत उरू शकते. तेही स्वतंत्रपणे काढणे आवश्यक आहे. गोपनीयतेचे साधन निवडताना ते काय अडविते एवढेच न पाहता, त्यासाठी ते काय उघडते हेही पाहिले पाहिजे.