प्लाझ्मा स्थिर कां राहात नाहीं?

हायड्रोजनच्या अणुगर्भांचा संयोग करून शक्ति निर्माण करणें ही सूर्याची नित्याची रीत आहे. १९५५ सालीं जिनिव्हा येथील परिषदेच्या अध्यक्षपदावरून डॉ. होमी भाभा यांनीं, ही शक्ति वीस वर्षांत मनुष्याच्या काबूंत येईल, असें भाकीत केलें होतें. ती मुदत १९७५ सालींच सरली. मग अडलें कोठें? उष्णतेपाशीं नव्हे. दहा कोटी अंशांची उष्णता आज साधते. अडतें तें तापलेला वायु जागेवर धरून ठेवण्यापाशीं.

अशा वायूंतील कण विद्युद्भारित असतात. त्यालाच प्लाझ्मा म्हणतात. भिंतीला लागतांच तो थंड होतो, म्हणून चुंबकीय क्षेत्रानें त्याला अधांतरीं धरतात. युक्ति सोपी दिसते. प्लाझ्मांतून विद्युत्प्रवाह सोडला कीं, त्याच्याभोंवतीं चुंबकीय कडीं आपोआप उत्पन्न होतात व तीं त्याला आवळतात. परंतु समजा, प्लाझ्माचा हा दंड कोठें किंचित् वांकला. वांकाच्या आंतल्या बाजूस कडीं दाटतात, बाहेरच्या बाजूस विरळ होतात. दाटलेलें क्षेत्र अधिक जोरानें रेटतें, आणि तेंहि वांक वाढेल अशाच दिशेनें! वर्गांतील खोडकर मुलाला मागच्या बांकावरून टाळी मिळावी, तसाच हा प्रकार. डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत दंड भिंतीवर आदळतो.

इंग्लंडांत हार्वेल येथें १९५७ सालीं ‘झीटा’ नांवाचें यंत्र सुरू झालें. त्यांत न्यूट्रॉन आढळले, आणि अणुसंयोग साधल्याची वार्ता जानेवारी १९५८ मध्यें जगभर गेली. मे महिन्यांत ती मागें घ्यावी लागली. प्लाझ्माच्या अस्थिर हेलकाव्यांनीं थोड्याच कणांना भलता वेग दिला होता. सबंध वायु तितका तापलाच नव्हता. ही चूक हार्वेलच्याच शास्त्रज्ञांनीं शोधून काढली, हें मला त्या यंत्राइतकेंच मोलाचें वाटतें.

मॉस्को येथील शास्त्रज्ञांनीं ‘टोकामाक’ हें कंकणाकृति यंत्र पुढें आणलें. त्यांत बाहेरील वेटोळ्यांच्या योगें कंकणाच्या लांबीच्या दिशेनें अतिशय प्रबळ क्षेत्र ठेवतात. ताणलेल्या तारेप्रमाणें तें वांकण्यास विरोध करतें. दोन्ही क्षेत्रें मिळून रेषांना पीळ बसतो, आणि सारें मर्म ह्या पिळांत आहे. सुतळीला पीळ फार झाला कीं ती सरळ राहात नाहीं, आपणहून वेटोळें घेते. अमेरिकेचे क्रुस्कल व रशियाचे शाफ्रानोव्ह यांनीं ही मर्यादा स्वतंत्रपणें गणितानें काढली. क्षेत्ररेषेची कंकणाभोंवतीं एक फेरी होण्यापूर्वीं तिचा आडवा वेढा पुरा होतां कामा नये. व्यवहारांत कडेच्या रेषेला एका वेढ्यास सुमारें तीन फेऱ्या लागतील, इतकी सावधगिरी बाळगतात.

१९६८ सालीं रशियनांनीं सुमारें एक कोटी अंशांचा दावा केला, तेव्हां पाश्चात्यांचा विश्वास बसेना. १९६९ सालीं इंग्रज शास्त्रज्ञ आपलें लेसर-उपकरण घेऊन मॉस्कोस गेले. स्वतः मोजलें, आणि दावा खरा ठरला.

तरीहि प्लाझ्मा कधीं कधीं एकाएकीं कोसळतो. फ्रान्समध्यें उभारल्या जाणाऱ्या ‘आयटर’ यंत्रांत, ज्यांत भारतहि भागीदार आहे, दीड कोटी अँपिअर प्रवाह खेळावयाचा आहे. तो क्षणार्धांत खंडित झाला तर यंत्राच्या पात्रालाच प्रचंड हिसका बसेल. म्हणून कोसळण्याचीं चिन्हें दिसतांच गोठविलेल्या हायड्रोजन व निऑन वायूंच्या गोळ्या फोडून, त्यांचे तुकडे प्लाझ्मांत मारावयाचे, म्हणजे त्याची उष्णता प्रकाशरूपानें चोहोंकडे सारखी पसरून जाईल, अशी योजना केलेली आहे.