भीतीला 'संमती' म्हणायचे काय?

सुरक्षा म्हणजे पोलीस, बंदोबस्त आणि कडक कायदा, असे आपल्याला सांगितले जाते. पण ही सुरक्षा कोणाची?

२६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा ही अनाथ आदिवासी मुलगी जबाब द्यायला गेली. तिथेच पोलिसांनी अत्याचार केल्याची तिची फिर्याद होती. उच्च न्यायालयाने पोलिसांना दोषी ठरविले. पण सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली त्यांना निर्दोष सोडले. कारण काय, तर अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही. म्हणजे संमती होती!

१९७९ साली उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. संमतीत शरण जाणे असते, पण प्रत्येक शरणागती संमती नसते, हा त्यांचा मुद्दा होता. ठाण्याचे दार आतून बंद झाल्यावर गरीब आदिवासी पोरीने वर्दीला विरोध कसा करायचा?

फेरविचार झाला नाही. पण देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. १९८३ साली कायदा बदलला. कोठडीत शरीरसंबंध झाल्याचे सिद्ध झाले आणि स्त्रीने न्यायालयात 'माझी संमती नव्हती' असे सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरायचे ठरले. मथुराला मात्र त्याचा उपयोग झाला नाही.

कायदा आंधळा असतो म्हणतात. पण त्याला जात, दारिद्र्य आणि वर्दी दिसलीच पाहिजे. नाहीतर ज्यांच्या रक्षणासाठी ठाणे उभारले, त्यांनाच ठाण्याची पायरी चढण्याची भीती वाटत राहील.