उघड्यावरची रात्र आणि कुशीतले बाळ

नोव्हेंबर सरत आला की बेळगांव-खानापूर भागातील आमच्या खेड्यांतून जुन्या गोव्याच्या पदयात्रेची बोलणी सुरू होतात. संत फ्रान्सिस झेवियरचा सण ३ डिसेंबरला. लोंढा, रामनगर, अनमोडचा घाट, मोलें, फोंडा ही नावे आमच्या घराघरांत जपमाळेच्या मण्यांसारखी ओळीने म्हटली जातात. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ ह्या काळात संताच्या अवशेषांचे दशवार्षिक दर्शन झाले, तेव्हा तर वृद्धांपासून तान्ह्यांपर्यंत सारे घर वाटेवर दिसे.

ह्या तान्ह्यांविषयीच आज आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत. नुकतेच एक तरुण जोडपे आमच्याकडे आले. पाच महिन्यांचे बाळ आईच्या कडेवर होते. 'फादर, नवस बोललो आहोत, बाळाला घेऊन चालत जावे म्हणतो. रात्री थंडीचे काय करावे?' असे त्यांनी विचारले. उत्तर देण्यापूर्वी आम्ही क्षणभर थांबलो, कारण ह्या प्रश्नाला आम्ही एकदा फार चुकीचे उत्तर दिलेले आहे.

काही वर्षांमागची गोष्ट. आमच्या यात्रेचा मुक्काम घाटाच्या अलीकडे रानाच्या कडेला पडला होता. चार बांबूंवर ताडपत्री टाकून आडोसा केलेला. एका कुटुंबात चार महिन्यांचे बाळ होते. मध्यरात्रीनंतर दव पडू लागले आणि आईने बाळ गारठल्याची तक्रार केली. आम्ही मोठ्या शहाणपणाने सांगितले, 'कोळशाची शेगडी आत घ्या आणि पडदे सोडा.' त्यांनी तसे केले. धर्मगुरूंचा शब्द कोण मोडणार? थोड्या वेळाने आजीचे डोके दुखू लागले. आमच्या यात्रेत एक परिचारिका होती. ती आजीला पाहावयास आली, शेगडी दिसताच ती तिने उचलून बाहेर नेली आणि चारही बाजूंचे पडदे वर केले. मग तिने बाळाच्या पोटावर हात ठेवला. पोट गार! बाळ मुकाट होते म्हणून शांत झोपले आहे, असे सारे समजत होते. वस्तुतः त्याचा लंगोट भिजलेला होता आणि पाठीखाली ताडपत्रीखेरीज काही नव्हते.

तिने ओले कपडे काढले, अंग कोरडे केले, डोक्यावर टोपडे चढविले, बाळ आईच्या उघड्या छातीशी लावले आणि दोघांवर कांबळे पांघरले. पुष्कळ वेळाने बाळ चुळबुळले व दूध ओढू लागले. ती रात्र आम्ही विसरलेलो नाही. त्यानंतर आम्ही ह्या विषयाची जी माहिती मिळविली, ती वाचकांपुढे ठेवणे आमचे कर्तव्य आहे.

प्रथम शेगडीविषयी. बंद जागेत कोळसा धुमसला म्हणजे कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू सुटतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातील ज्या द्रव्याने प्राणवायू वाहून नेला जातो, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते, आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. लहान मुलांना ही बाधा अधिक लवकर होते. म्हणून शेगडी, चूल किंवा स्टोव्ह राहुटीत वा बंद खोलीत कधीही नको. शेकोटी बाहेर, मोकळ्यावर, बाळापासून दूर.

आता थंडी बाळाला अधिक का बाधते? त्याच्या वजनाच्या मानाने अंगाचा पृष्ठभाग फार मोठा असतो. त्यात डोक्याचा वाटा बराच. मोठा माणूस कुडकुडून ऊब आणतो, लहानग्याला ते नीट साधत नाही. त्याच्या पाठीत व मानेजवळ जी खास तपकिरी चरबी असते, ती जाळून तो ऊब राखतो, पण ही शिदोरी लवकर संपते. शिवाय ओलावा हा थंडीचा सोबती. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता ओढून नेते. म्हणजे ओला लंगोट हा थंडीला दिलेला उघडा दरवाजाच होय.

ह्यावरून उपायही सुचतात. पांघरुणाआधी अंथरुणाचा विचार करावा, कारण जमीन खालून ऊब खाते. ताडपत्री, तीवर भाताच्या कोरड्या पेंढ्याचा जाड थर, त्यावर घोंगडी व वाकळ अशी बैठक असावी. जागा वाऱ्याच्या आड असावी, ओढ्याकाठची सखल जागा टाळावी. मुक्कामाला पोचताच आईने घामाने भिजलेले आपले कपडेही बदलावेत, कारण बाळाची खरी शेगडी तीच आहे.

बाळाला एकच जाड कपडा घालण्यापेक्षा पातळ कपड्यांचे थर घालावेत. आपल्याला लागतात त्याहून एक थर अधिक पुरे. सुती झबले, वर लोकरीचे, पायांत मोजे, डोक्यावर घट्ट बसणारे टोपडे. कुंचीचे बंद गळ्याशी आवळू नयेत. निजवताना पाठीवर निजवावे, तोंड उघडे ठेवावे, उशी वा सुटे जड पांघरूण बाळाजवळ ठेवू नये. गरम पाण्याची पिशवी अंगाला लावून ठेवू नये, कोवळी त्वचा भाजते.

दर दोन तासांनी बाळाचे पोट व पाय चाचपावेत. दोन्ही उबदार असतील तर ठीक. पोट उबदार पण पाय गार, तर थंडी लागू लागली आहे, एक थर वाढवावा. दोन्ही गार, बाळ मलूल व दूध ओढत नाही, तर ही धोक्याची खूण. उराशी धरून ऊब देत तत्काळ १०८ क्रमांकास बोलवावे. उलट मान घामेजली असेल तर एक थर काढावा.

उराशी धरण्याचा उपाय आजीबाईंचा खरा, पण त्याला शास्त्राचाही पाठिंबा आहे. १९७८ साली कोलंबिया देशातील बोगोटा शहरी डॉ. एडगर रे सानाब्रिया ह्यांनी उबवणपेट्या अपुऱ्या पडल्यामुळे अपुऱ्या दिवसांची बाळे मातांच्या छातीशी लावून ठेवण्यास आरंभ केला. तीच आज जगभर मान्य झालेली कांगारू पद्धत. मात्र बाळाला उराशी धरणाऱ्याने जागे राहिले पाहिजे. झोप येऊ लागली की बाळ दुसऱ्या जागत्या माणसाकडे द्यावे. आई, बाप, आजी ह्यांनी पाळ्या वाटून घ्याव्यात.

आणखी एक. आमच्या काही घरांत थंडीवर बाळाला ब्रँडीचे थेंब देण्याची चाल आहे. ती सोडून द्यावी. मद्याने कातडीतील रक्तवाहिन्या रुंदावतात, क्षणभर ऊब वाटते आणि अंगातली उष्णता अधिकच निघून जाते. बाळाच्या रक्तातील साखरही उतरते. आईचे दूध हेच त्याचे सरपण.

आणि नवसाचे काय? नुकतेच जन्मलेले, कमी वजनाचे किंवा आजारी बाळ घेऊन रात्री उघड्यावर राहू नये, हे आम्ही स्पष्ट सांगतो. नवस मोडल्याची भीती बाळगू नका. १९८३ च्या धर्मसंहितेतील ११९६ व्या कलमाने योग्य कारणासाठी खाजगी नवसातून मोकळीक देण्याचा अधिकार धर्मग्रामाच्या धर्मगुरूला दिला आहे. तो वापरताना आम्हांस संकोच वाटत नाही. त्या जोडप्याला आम्ही सांगितले, 'बापाने चालावे, आईने बाळासह बसने येऊन जुन्या गोव्यात भेटावे.' त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटले, त्यावरून त्यांनाही हेच हवे होते, परंतु विचारण्याचे धैर्य होत नव्हते, असे आम्हांस वाटले.

संत झेवियर स्वतः ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर एका साध्या झोपडीत, घरादारापासून दूर, देवाघरी गेले. तान्ह्या लेकराने त्यांच्यासाठी गारठावे, अशी त्यांची इच्छा कशी असेल? बेथलेहेमात जागा मिळाली नाही, तेव्हा पवित्र मातेने प्रथम काय केले? बाळाला कापडात गुंडाळले. त्याच रात्री रानात मेंढपाळ पाळीपाळीने जागत होते. बाळ सोबत असेल तर यात्रेत आपणही तसेच जागावे. ती जागरणेही प्रार्थनाच होत.