पडद्यावर पाहिलेला देश

परक्या देशाची ओढ पुष्कळदां प्रवासानें लागत नाहीं. ती घरांतल्या घरांत, लहानपणींच लागते. विलायतेंतील ज्येष्ठ गीतकार-गायक सर रे डेव्हिस यांचा ‘अमेरिकाना’ हा गाण्यांचा संच २१ एप्रिल २०१७ रोजीं प्रसिद्ध झाला, तेव्हां त्यांचें वय ७२ होतें. परंतु त्याचा परिचय करून देतांना प्रथम त्यांच्या बालपणच्या घरीं जाणेंच इष्ट होईल.

उत्तर लंडनमधील मझवेल हिलच्या बाजूस, फोर्टिस ग्रीन येथें, १९४४ सालीं त्यांचा जन्म झाला. सहा बहिणींच्या पाठीवर दोन मुलगे. रे हें सातवें अपत्य आणि डेव्ह हें शेंडेफळ. घर बेताच्या मिळकतीचें, पण पुढच्या खोलींत पियानो होता, आणि शनिवारीं रात्रीं आप्तेष्ट जमले कीं लहानथोर सारे गाऊं लागत. बहिणींपैकीं रेने लग्न करून कॅनडांत गेली होती. लहानपणच्या संधिवातज्वरानें तिचें हृदय दुबळें झालेलें. नाचणें तिला वर्ज्य होतें. १९५७ च्या जूनमध्यें माहेरीं असतांना, भावाच्या तेराव्या वाढदिवसानिमित्त, त्याला फार दिवस हवी असलेली स्पॅनिश गिटार तिनें घेऊन दिली. आणि लगेच त्याच वेळीं स्ट्रँडवरील लायसियम नृत्यगृहांत नाचतां नाचतांच तिला मृत्यु आला. वय अवघें ३१. वाद्यवृंद त्या वेळीं ‘ओक्लाहोमा’ या अमेरिकन संगीतिकेंतील एक चाल वाजवीत होता. आपल्याकडे ओवाळणी भाऊ घालतो. येथें ती बहिणीनें घातली, आणि भावानें तिच्यावर साठ वर्षें गाणीं रचलीं.

या दोघां भावांच्या ‘किंक्स’ या मंडळीचें नांव १९६४ सालीं ‘यू रिअली गॉट मी’ या गाण्यानें सर्वतोमुखीं झालें. पुढच्या जानेवारींत ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर ते मुंबईस उतरले असतां पहांटे समुद्रकांठीं कोळ्यांचें गाणें रे यांच्या कानीं पडलें. त्याच वर्षीं निघालेल्या ‘सी माय फ्रेंड्स’ या गाण्यांतील तंबोऱ्यासारखा घुमणारा सूर त्या पहांटेचा आहे. या गाण्यामागें रेनेच्या मृत्यूचें दुःख असल्याचेंहि त्यांनीं सांगितलें आहे. आमच्या कोळीवाड्यांना या ऋणाची वार्ताहि नसेल!

अमेरिकेनें मात्र त्याच १९६५ सालीं दार लावून घेतलें. तेथील वादकांच्या संघटनेशीं बिनसलें आणि १९६९ पर्यंत किंक्सना त्या देशांत कार्यक्रम करतां आले नाहींत. ज्या देशाचीं चित्रें चित्रगृहाच्या अंधारांत पाहून मुलगा वाढला, त्यानेंच उंबऱ्यावरून परत पाठविलें. मग रे डेव्हिस स्वदेशाकडे वळले. थेम्सकांठची संध्याकाळ, खेड्यांतील हिरवळ, मध्यमवर्गीयांचे चहाचे पेले, हे त्यांचे विषय झाले, आणि इंग्रजांतले इंग्रज कवि अशी त्यांची ख्याति झाली. ही ख्याति कांहीं अंशीं त्या बंदीचीच देणगी होय, असें मला वाटतें.

पुढें बंदी उठली, अमेरिकेंत मानहि मिळाला, आणि उतारवयांत ते न्यू ऑर्लिन्स येथें राहूं लागले. तेथें ४ जानेवारी २००४ रोजीं चोरांनीं त्यांच्या सोबतच्या बाईची पिशवी हिसकावली. साठीला टेकलेले हे गृहस्थ चोरांमागें धांवले, आणि पायांत गोळी लागून रस्त्यावर पडले. याच सर्व आठवणींचें ‘अमेरिकाना’ नांवाचें पुस्तक त्यांनीं २०१३ सालीं लिहिलें. त्यांतूनच हा संच निघाला.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील ग्रामीण गाण्यांना तिकडे ‘कंट्री’ म्हणतात. फिडल, बँजो आणि गिटार हीं त्यांचीं वाद्यें. विरह, वाटचाल आणि सुटलेलें घर हे त्यांचे विषय. त्यांत विजेची गिटार आणि ड्रमचा ठेका मिसळला कीं ‘कंट्री रॉक’ होतो. या ढंगांत मुरलेली मिनिआपोलिसची ‘जेहॉक्स’ ही मंडळी डेव्हिस यांनीं साथीस घेतली. आरंभींच्या गाण्यांत विस्तीर्ण माळरानांचें स्वप्न पाहणारा तो जुना मुलगा आहे. तर ‘द इन्व्हेडर्स’ मध्यें विलायतेहून आलेल्या लांब केसांच्या पोरांकडे संशयानें पाहणारी खरीखुरी अमेरिका आहे. ‘अ प्लेस इन युअर हार्ट’ मध्यें कॅरन ग्रोटबर्ग यांचा आवाज जोडीला येतो, तेव्हां म्हाताऱ्या कंठाला एकदम उभारी येते. तो कंठ आतां बारीक झाला आहे, कोठें कोठें कांपतो; परंतु या गाण्यांना तो शोभतो.

पंधराच्या पंधरा रचना सारख्या उतरलेल्या नाहींत. मधूनमधून नुसतें निवेदन येतें, त्यानें रस तुटतो. चारपांच गाळल्या असत्या तरी संचाचें नुकसान झालें नसतें. ‘सायलेंट मूव्ही’ या निवेदनाला मात्र मी हात लावूं देणार नाहीं. न्यू ऑर्लिन्समधील शेजारी आणि स्वतः नामांकित गायक असलेले अ‍ॅलेक्स चिल्टन २०१० सालीं वारले. त्यांच्याशीं झालेल्या बोलण्याची ती आठवण आहे. ‘अ लाँग ड्राइव्ह होम टु टारझाना’ हें गाणें रात्रीं, घरांत निजानीज झाल्यावर ऐकावें.

जून २०१८ मध्यें ‘अवर कंट्री’ नांवाचा दुसरा भागहि निघाला. आणि हें सारें अमेरिकेचें गाणें मुद्रित झालें कोठें? तर उत्तर लंडनमध्येंच, किंक्सनीं १९७३ सालीं उभारलेल्या ‘कोंक’ या स्टुडिओंत. जेहॉक्स मंडळी समुद्र ओलांडून तेथें आली. फोर्टिस ग्रीनचें तें पियानोचें घर तेथून फार दूर नाहीं.