ओहोटीची पेनी आणि इतर खऱ्याखोट्या गोष्टी

जुन्या चांदीच्या रुपयाएवढं, काळपट तपकिरी नाणं. एका बाजूला राजा किंवा राणी, दुसऱ्या बाजूला हातात त्रिशूळ घेऊन बसलेली ब्रिटानिया. आजोबा आगबोटीवर होते, त्यांच्या ट्रंकेत सापडलं, असं सांगत कोकणातली आणि गोव्यातली माणसं या नाण्याचा फोटो मला पाठवतात. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: याचे किती लाख येतील?

बहुतेक वेळा उत्तर द्यायला जड जातं. ते नाणं म्हणजे ब्रिटिश पेनी, पौंडाचा दोनशेचाळिसावा भाग. तिकडचा रोजचा चिल्लर पैसा. १८६० साली तांब्याऐवजी ब्राँझची, आकाराने लहान आणि वजनाने निम्मी पेनी आली आणि फेब्रुवारी १९७१ मध्ये ब्रिटनने दशमान पद्धत स्वीकारेपर्यंत तीच चालली. एवढ्या काळात ती अब्जावधींनी पाडली गेली. नाणं जितकं जुनं तितकं महाग, हा समज पेनीच्या बाबतीत अजिबात टिकत नाही. पहिल्या महायुद्धातली १९१७ सालची पेनी दहा कोटींहून अधिक पाडली गेली. शंभर वर्षं उलटली तरी झिजलेल्या नगाला आजही चहाच्या पैशांपलीकडे फारसं कोणी देत नाही. तिच्याहून चौतीस वर्षांनी धाकटी १९५१ सालची पेनी मात्र जेमतेम एक लाख वीस हजार पाडली गेली, त्यातल्या पुष्कळशा बर्म्युडाला रवाना झाल्या आणि संग्राहक आजही ती आवर्जून शोधतात. उलट १९६७ साल कोरलेल्या पेन्या पासष्ट कोटींहून जास्त आहेत, कारण पुढची काही वर्षं तोच सन घालून नाणी पाडणं चालू होतं.

मग किंमत ठरते कशावर? सन, नाण्याची अवस्था आणि ठसा यांवर. यातल्या ठशाबद्दलच सगळ्यात जास्त गोंधळ आहे.

‘डाय व्हरायटी’, म्हणजे ठशांमधला फरक, ही टांकसाळीची चूक, असं बहुतेकांना वाटतं. काही वेळा तसं असतंही. पण खरी गोष्ट जास्त रंजक आहे. एका ठशातून हजारो नाणी पडतात, मग तो झिजतो किंवा तडकतो आणि त्याच्या जागी नवा ठसा येतो. व्हिक्टोरियाच्या काळात सनाचे आकडे पुष्कळदा हाताने, एकेक पंच ठोकून ठशावर उमटवत. त्यामुळे एकाच सालच्या दोन पेन्यांवर आकड्यांमधलं अंतर वेगळं दिसतं. १८७७ किंवा १८७९ च्या काही नाण्यांवर सन आवळलेला असतो, काहींवर ऐसपैस. १८६३ च्या मोजक्या पेन्यांवर सनाखाली बारीकसा २, ३ किंवा ४ हा आकडा दिसतो. तो ठशाचा क्रमांक, आणि अशी नाणी अत्यंत दुर्मिळ आहेत. १८६० हे पहिलंच वर्ष तर अभ्यासकांना मेजवानीच. नवं ब्राँझ तांब्याहून कठीण, ठसे त्रास देऊ लागले, म्हणून काठाची नक्षी आधी मण्यांची होती ती त्याच वर्षात दात्यांची झाली.

मला स्वतःला आवडते ती १९०२ ची ‘लो टाइड’, म्हणजे ओहोटीची पेनी. एडवर्ड सातव्याच्या नेहमीच्या पेनीवर ब्रिटानियामागच्या समुद्राची रेघ तिच्या पायांची अढी जिथे पडते तिथे येऊन टेकते. १९०२ च्या काही नाण्यांवर ती रेघ त्याहून खाली आहे, जणू पाणी ओसरलंय. ही चूक नाही, ठशाचं आधीचं रूप आहे. किंमत नेहमीच्या पेनीहून जास्त, पण डोळे विस्फारावेत इतकी नाही. तिच्यासाठी मोठी रक्कम मागणाऱ्याकडे पाठ फिरवावी.

याउलट १९४६ च्या काही पेन्यांवर ‘वन’ या शब्दानंतर स्वल्पविरामासारखं चिन्ह दिसतं. तो ठशाला पडलेला खरा दोष. संग्राहक तोही मोलाचा मानतात, कारण तो ओळखता येतो आणि ठराविक आहे. नाणं पडल्यानंतर त्यावर आलेला ओरखडा, चेपलेली कड, कुणी मारलेला खिळा यांना व्हरायटी म्हणता येत नाही. जे ठशावर होतं तेवढंच मोजायचं. या विषयाचा पाया रचणाऱ्यांपैकी मायकल फ्रीमन यांनी ब्राँझ पेन्यांचे दर्शनी आणि मागचे ठसे वेगवेगळे करून त्यांच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीला क्रमांक दिला. त्यामुळे आज दोन माणसं हजारो मैलांवरून एकाच नाण्याबद्दल अचूक बोलू शकतात.

अक्षरांबद्दलही गैरसमज आहेत. जॉर्ज पाचव्याच्या मानेवर ‘बी.एम.’ ही आद्याक्षरं बारीक कोरलेली असतात. आपल्याकडे हौशी मंडळी त्याचा अर्थ ‘बॉम्बे मिंट’ लावतात. ती खरं तर बर्ट्रम मॅकेनल या शिल्पकाराची आहेत. १९२६ मध्ये राजाचा चेहरा किंचित बदलून कोरला गेला, ती सुधारित चेहऱ्याची १९२६ ची पेनी त्याच वर्षीच्या जुन्या चेहऱ्याच्या पेनीपेक्षा कितीतरी दुर्मिळ आहे. फरक कळतो तो या आद्याक्षरांच्या जागेवरून आणि त्यांच्यामागच्या टिंबांवरून. बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचं चिन्ह ‘एच’. व्हिक्टोरियाच्या पेन्यांवर, १८७४ ते १८८२ दरम्यान, ते सनाखाली आहे. १९१२, १९१८ आणि १९१९ मध्ये ते सनाच्या डावीकडे आलं. १९१९ चं ‘एच’ कुणी सनाखाली दाखवलं तर ते नंतर चिकटवलेलं किंवा कोरलेलं.

१८८२ ची गोष्ट याच्या उलट आहे. त्या वर्षी लंडनच्या टांकसाळीत नवी यंत्रं बसवत होते, म्हणून पेन्या हीटनकडून करून घेतल्या. ‘एच’ नसलेली १८८२ ची अस्सल पेनी जगात फारच थोड्यांकडे आहे. विकायला मात्र ती सारखी येते. बहुतेकींवरचं ‘एच’ झिजून गेलेलं असतं, काहींवरचं तासून काढलेलं. म्हणून जाणकार ‘एच’च्या जागेवर भरवसा ठेवत नाहीत, ते ठशांची जोडी तपासतात.

आता १९३३. त्या वर्षी बाजारात पेन्या भरपूर होत्या, नव्यांची गरज नव्हती. पण नव्या इमारतींच्या कोनशिलेत चालू वर्षाची नाणी ठेवायची प्रथा होती, म्हणून थोड्या पाडल्या, सातच्या आसपास. काही संग्रहालयांत गेल्या, एक लंडन विद्यापीठाच्या सेनेट हाउसखाली आहे, लीड्सच्या दोन चर्चखाली एकेक पुरली होती. मिडलटन भागातल्या सेंट क्रॉस चर्चमधली १९७० मध्ये चोरीला गेली. तेव्हा कर्कस्टॉलच्या चर्चने आपली पेनी चोर येण्याआधीच उकरून काढून १९७२ मध्ये विकली. १९३३ ची पेनी कपाटात सापडल्याचं कुणी सांगितलं तर आधी हे आठवा. बहुतेक वेळा १९३५ च्या पेनीवरचा शेवटचा आकडा बदललेला असतो. भिंगाखाली त्या आकड्याभोवतीचा पृष्ठभाग खरवडलेला किंवा वेगळ्या रंगाचा दिसतो.

चकचकीत नाणं महाग विकलं जातं, हा समज सगळ्यात जास्त नुकसान करतो. मी शाळेत असताना माझ्याकडच्या पहिल्या पेनीला चिंच लावून घासलं होतं. लखलखीत झाली आणि तिच्यावरचा नव्वद वर्षांचा रंग गेला, तो परत येत नाही. पुढे कळलं की काही पेन्या टांकसाळीनेच मुद्दाम काळ्या करून पाठवल्या होत्या: १९३४, १९३५ आणि १९४४ ते १९४६ च्या. फोटोग्राफर वापरायचे तेच हायपो हे रसायन त्यासाठी वापरलं. त्या काळ्या पेन्यांना घासून ‘मूळ चमक’ आणणारे खरं तर मूळ रूपच पुसून टाकतात.

खोट्या नाण्यांच्या तपासात लोहचुंबकाला फार मान मिळतो. ब्राँझ चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे जुनी पेनी चिकटली तर ती नक्की खोटी. न चिकटणं मात्र अस्सलपणाचा पुरावा नव्हे, तांब्या-पितळेची नक्कलही चिकटत नाही. दशमान पेनीला हा नियम लावू नका, १९९२ नंतरची ती तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी आहे आणि चिकटतेच. चुंबकाहून तराजू बरा. ब्राँझ पेनीचं वजन ९.४५ ग्रॅम, व्यास जवळपास ३१ मिलिमीटर. झीज झाली की थोडं कमी भरेल, पण आठ ग्रॅम भरलं तर संशय घ्यावा. कड गुळगुळीत असते. ओतीव नकलेच्या कडेला कानस मारल्याच्या खुणा किंवा सांध्याची रेघ दिसते, आणि राजाच्या दाढीतले केस मेणासारखे विरघळलेले वाटतात. दोन्ही बाजूंना राजाचं डोकं असलेली पेनी तर जादूगारांची वस्तू. एक नाणं पोखरून त्यात दुसरं तासून बसवतात, सांधा कडेच्या आतल्या बाजूला लपलेला असतो.

ऑनलाइन खरेदीत हातात तराजू नसतो, म्हणून डोळे वापरायचे. दोन्ही बाजूंचे आणि कडेचे स्वच्छ फोटो मागायचे. एकच फोटो अनेक विक्रेत्यांकडे आहे का, हे चित्रशोधाने पाहायचं. सगळ्यात पक्की खूण म्हणजे ‘वेगवेगळ्या’ दोन नाण्यांवर एकाच ठिकाणी तोच चेपलेला डाग. अस्सल नाण्यावर पडलेला ओरखडा दुसऱ्या नाण्यावर जाणं शक्य नाही. तो दोघांवर असेल तर निदान एक नक्की नक्कल, आणि बहुधा दोन्ही. प्लास्टिकच्या सीलबंद डबीतलं नाणं आंधळेपणाने घेऊ नये, डब्याही नकली निघतात. एनजीसी, पीसीजीएस यांसारख्या नाणी पारखणाऱ्या संस्थांच्या डबीवरचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर तपासता येतो. तो नोंदीत सापडला तरी तिथला फोटो हातातल्या नाण्याशी ताडून पाहायचाच.

जुनी नाणी लाखांना विकत घेतो, आधी फी भरा, असा फोन आला तर तो फसवणुकीचा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये आपलं नाव वापरून असे पैसे उकळणाऱ्यांविरुद्ध जाहीर इशारा दिला होता.

ट्रंकेतल्या त्या पेनीबद्दल आणखी एक सांगायचं राहिलं. तिच्यावर ब्रिटानियाऐवजी कांगारू असेल आणि सन १९४२ किंवा १९४३ असेल, तर भिंग घेऊन ‘आय’ हे अक्षर शोधा. ब्रिटिश पेनी मुंबईत कधी पाडली गेली नाही. पण दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाला चिल्लर कमी पडली तेव्हा तिथल्या पेन्या मुंबईच्या टांकसाळीत पाडल्या गेल्या, आणि ‘आय’ हे त्याचं चिन्ह आहे.