पद्मिनीचं हेड आणि खाडीची हवा

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनू लागली. १९७४ मध्ये तिचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं आणि काळ्यापिवळ्या रंगात ती मुंबईची ओळख बनली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. टॅक्सीसाठीची वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर ऑक्टोबर २०२३ अखेर तीही रस्त्यावरून उतरली. आता उरल्यात त्या हौशी मालकांच्या गाड्या. पत्र्याचं काम होतं, रंग चढतो, सीटकव्हर नवी येतात. मग बॉनेट उघडलं की ॲल्युमिनियमचे भाग तसेच असतात, काळपट, डागाळलेले, बोल्टांभोवती पांढरी भुकटी धरलेले.

गाडी मानखुर्दला उभी राहत असेल, तर ही भुकटी अंमळ लवकरच दिसते. हार्बर मार्गावर कुर्ल्यापासून चौथं स्थानक, पण हवेत मोठा फरक पडतो. एका अंगाला ठाण्याची खाडी आणि खारफुटी, दुसरीकडे माहुल-चेंबूरचे तेलशुद्धीकरण कारखाने. पावसाळ्यातल्या दमट हवेत क्षाराचे सूक्ष्म कण धातूवर बसतात आणि ओलावा धरून ठेवतात.

धातूची स्वतःची कात

पद्मिनीच्या १,०८९ सीसी इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, पण वरचं हेड ॲल्युमिनियमचं. त्यामागे हिशेब आहे. ॲल्युमिनियमची घनता बिडाच्या निम्म्याहूनही कमी, आणि ओतीव मिश्रधातू बिडापेक्षा दुपटी-तिपटीने उष्णता वाहून नेतो. ज्वलनाची धग हेडमधून पाण्याकडे लवकर जाते.

ॲल्युमिनियम हा खरं तर फार उतावीळ धातू. उघडा पडला की क्षणात हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतो. मात्र या संयोगातून तयार होणारा ऑक्साइडचा थर घट्ट चिकटून बसतो आणि खालच्या धातूला हवेपासून तोडतो. लोखंडाचा गंज पापुद्र्यांनी सुटत राहतो, म्हणून लोखंड आतपर्यंत खाल्लं जातं. ॲल्युमिनियमचं तसं होत नाही. हा थर जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले चार-पाच. नव्या ओतीव भागाचा मंद रुपेरी रंग याच थरातून दिसतो.

या कातीची दोन दुखणी आहेत. पहिलं म्हणजे ती आम्लातही विरघळते आणि अल्कलीतही. साधारण ४ ते ८.५ पीएचच्या दरम्यानच ती टिकून राहते. दुसरं दुखणं क्षारातल्या क्लोराइडचं. थर जिथे कच्चा, तिथे क्लोराइड शिरतं आणि बारीक खड्डा पडतो. खड्ड्यात विरघळलेलं ॲल्युमिनियम तिथलं पाणी आम्लधर्मी करतं, ते आम्ल आणखी धातू खातं, आणि खड्डा स्वतःच स्वतःला खोल करत जातो. बाहेर दिसणारी पांढरी भुकटी ही मुख्यतः या खाण्यातून सुटलेलं ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड. पोलादी बोल्टाभोवती ती जास्त दिसते, कारण दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट ओल म्हणजे एक छोटी बॅटरीच. तिच्यात झिजतं ते ॲल्युमिनियम.

कॉस्टिकने हेड काळं का पडतं?

गॅरेजमध्ये सोपा उपाय सुचतो तो कॉस्टिक सोड्याचा. भाग द्रावणात बुडवला की बुडबुडे उसळतात, मळ निघतो, आणि थोड्या वेळाने भाग कोळशासारखा काळा होऊन बाहेर येतो. बुडबुडे हायड्रोजनचे; बंद जागेत जवळ ठिणगी पडली तर भडका. काळेपणाचं कारण मिश्रधातूत आहे. ओतकामात रस साच्यात नीट पसरावा म्हणून ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन घालतात आणि बळकटीसाठी अनेकदा तांबंही. वाहनांच्या डाय-कास्ट भागांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एडीसी-१२ या मिश्रधातूत सिलिकॉन दहा-बारा टक्के आणि तांबं दीड ते साडेतीन टक्के असतं. कॉस्टिक ॲल्युमिनियम विरघळवतं. तांबं आणि बरंचसं सिलिकॉन मागे उरून काळा लेप बनतो. कारखान्यांत हा लेप नायट्रिक आम्ल असलेल्या मिश्रणाने काढतात. ते काम घराच्या अंगणातलं नव्हे. धुण्याचा सोडाही याच कुळातला, फक्त सौम्य.

संडास साफ करायचं ॲसिड याहून वाईट. ते हायड्रोक्लोरिक आम्ल, म्हणजे कात विरघळवणारं आम्ल आणि खड्डे पाडणारं क्लोराइड एकाच बाटलीत. काही व्हील-क्लीनरमध्ये फ्लोराइडची आम्लं असतात. त्यांनी धातू चमकतो खरा, पण त्वचेतून आत शिरून ती शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतात. त्यांच्यापासून लांबच राहावं.

म्हणून क्रम सौम्याकडून कठोराकडे. इंजिन थंड असताना रॉकेल किंवा डिझेलने ग्रीस मऊ करायचं आणि नायलॉनच्या ब्रशने काढायचं, मग साध्या साबणाच्या पाण्याने धुवायचं. पुष्कळदा काळपटपणा निव्वळ तेलाचा असतो. तो निघाला की काम संपलं. उरलेल्या पांढऱ्या काटावर सौम्य सेंद्रिय आम्ल पुरतं. लिंबाचं सायट्रिक किंवा चिंचेचं टार्टारिक काही मिनिटं लावायचं आणि भरपूर पाण्याने धुऊन लगेच कोरडं करायचं. पोलादी वायर ब्रश मात्र टाळावा. त्याचे लोखंडी कण ॲल्युमिनियममध्ये रुततात, पुढच्या पावसाळ्यात गंजतात आणि प्रत्येक कणाभोवती नवी बॅटरी तयार होते.

तेल भाजून तपकिरी लाखेसारखं चिकटलं असेल, तर ग्लास-बीड ब्लास्टिंग, म्हणजे काचेच्या बारीक मण्यांचा हवेच्या दाबाने मारा. पृष्ठभाग एकसारखा, मंद रुपेरी होतो आणि मूळ ओतकामाच्या जवळ जातो. वाळू वापरू नये. तिची धूळ फुप्फुसात सिलिकोसिस आणते. मणी तेलाच्या वाटांत अडकले तर बेअरिंगची वाट लागते. त्यामुळे भाग पूर्ण सुटा करायचा, भोकं बुजवायची आणि नंतर हवेने व पाण्याने पुन्हापुन्हा धुवायचा.

चकाकी म्हणजे नवेपणा नव्हे

इथेच हौस आणि इतिहास यांची फारकत होते. बफिंग करून हेड आरशासारखं करता येतं, पण कारखान्यातून ते तसं कधीच बाहेर पडलं नव्हतं. ओतकामाचा खरखरीत पोत आणि साच्याच्या जोडाची बारीक रेघ हीच त्या भागाची खरी ओळख. बफने ती कायमची जाते. रुपेरी रंग फासला, तर इंजिनाच्या उष्णतेने त्याचे पोपडे निघतात.

ब्लास्ट केलेला पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो, म्हणून तेल आणि खारी ओल तिथे चटकन बसते. मानखुर्दला असा भाग उघडा ठेवला तर एकाच पावसाळ्यात डागाळतो. उष्णता सोसणारं पारदर्शक लॅकर, किंवा फार न तापणाऱ्या भागांवर मेणाचा पातळ हात, हा साधा बंदोबस्त. ॲनोडायझिंगने ऑक्साइडचा थर जाड होतो, पण भरपूर सिलिकॉन असलेल्या ओतीव भागावर तो करडा आणि ठिपक्याठिपक्यांचा येतो.

या सगळ्या खटाटोपात एक गोष्ट मागे पडते. बाहेरची भुकटी डोळ्यांना खुपते, पण इंजिनाला मारते ती आतली. बिडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचं हेड आणि तांब्या-पितळेचा रेडिएटर, तिघांमधून एकच पाणी फिरतं. त्यात नळाचं साधं पाणी भरलं की इथेही झिजतं ते हेडच. कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं ही झीज रोखतात, पण तीही कालांतराने संपतात आणि कूलंट बदलावं लागतं. म्हणून हेड उतरवलंच असेल, तर ब्रश हातात घेण्याआधी पाण्याच्या भोकांच्या कडा बघाव्यात. त्या खाल्ल्या गेल्या असतील, तर पैसे आधी वेल्डिंग आणि फेसिंगवर घालावेत. बाहेरची कितीही सुंदर रुपेरी छटा गॅसकेट फुटण्यापासून वाचवणार नाही.