काळी नसलेली पांढरी

जुन्या काळी मराठी गावाचे दोन भाग मानीत. ज्या जागेवर घरे उभी ती पांढरी, व जी जमीन पिके ती काळी. काळीच्या जोरावर पांढरी जगे. सुतार, लोहार, कुंभार इत्यादी बलुतेदार वर्षभर गावाची कामे करीत आणि सुगीच्या वेळी काळीच्या उत्पन्नातून आपला वाटा घेत. त्या व्यवस्थेत उच्चनीचतेचा जाच पुष्कळ होता. तथापि गाव कशावर जगते, हे तीत लहान मुलासही दिसे. एकदा वर्गात आम्ही हे सांगत असता एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, ज्या गावाला काळीच नाही, ते जगते कशावर?" करंजाड्याच्या मुलाने हा प्रश्न करावा, हे साहजिकच होते. त्याचे उत्तर शोधण्यासाठी, ज्या गावाला काळी कधी नव्हतीच अशा एका गावाकडे आपण जाऊ.

पनवेल विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १९ अंशांवर आहे. हे गाव ७८ अंशांवर आहे. तेथून उत्तर ध्रुव अवघा १३०० किलोमीटर उरतो. नॉर्वेच्या उत्तरेस स्वालबार्ड नावाचा द्वीपसमूह आहे, त्यातील स्पिट्सबर्गन बेटावर हे लाँगइयरब्येन वसले आहे. जॉन मन्रो लाँगइयर या अमेरिकन उद्योजकाने १९०६ साली कोळसा काढण्यासाठी ते वसविले. 'ब्येन' म्हणजे गाव. तेव्हा आपल्या भाषेत त्यास लाँगइयरवाडी म्हणावयास हरकत नाही! लोकवस्ती सुमारे अडीच हजार, परंतु तीत पन्नासांहून अधिक राष्ट्रांचे लोक आहेत.

तेथे ऑक्टोबरच्या अखेरीस सूर्य मावळतो तो फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत क्षितिजावर येत नाही. आणि भोवती डोंगर असल्याने गावात त्याचे किरण पोचावयास ८ मार्च उजाडतो. त्या दिवशी मुले जुन्या रुग्णालयाच्या पायऱ्यांजवळ जमून सूर्याचे स्वागत करतात. उलट, एप्रिलच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत सूर्य मावळतच नाही. जमीन खोलवर कायमची गोठलेली असते. उन्हाळ्यात तिचा केवळ वरचा थर विरघळून हलतो, म्हणून घरे खांबांवर उभारतात. पाण्याचे नळ जमिनीत पुरता येत नाहीत. ते गोठू नयेत म्हणून वेष्टणे घालून वरूनच नेतात. गावाबाहेर पाऊल टाकावयाचे तर पांढऱ्या अस्वलास पिटाळण्याचे साधन जवळ बाळगावे लागते.

अशा जागी धान्य कोठून पिकणार? पांढरी होती ती बर्फाची आणि काळी होती ती कोळशाची! १९१६ साली स्टोर नोर्स्के या नॉर्वेजियन कंपनीने खाणी विकत घेतल्या आणि पुढे कित्येक दशके गावाचे सगळे बलुतेदार म्हणजे ही एक कंपनीच होती. घर तिचे, दुकान तिचे, भोजनगृहही तिचे. फार काय, १९८० सालापर्यंत तेथे कंपनीच्याच नोटा चालत! खाणीतून आलेला मनुष्य बाहेर जोडे काढून ठेवी, म्हणजे कोळशाची पूड आत येत नसे. ही रीत तेथील कित्येक इमारतींत आजही पाळतात. आपल्याला तीत नवल वाटावयाचे कारण नाही.

पूर्वी समुद्र गोठला की शेवटचे जहाज निघून जाई आणि वसंत ऋतूपर्यंत गाव जगापासून तुटे. १९७५ साली विमानतळ झाला आणि हा एकांत संपला. आता ताजी भाजी विमानाने येते व जड माल जहाजाने. गावात शाळा आहे, लहानसे रुग्णालय आहे, आणि १९९३ पासून उच्च शिक्षणाचे केंद्रही आहे. २००२ पासून गावाचा कारभार लोकांनी निवडलेली परिषद पाहते.

परंतु वाचकहो, एवढ्या सोयी असूनही या गावात दोन गोष्टींची सोय नाही. प्रसूतीचे दिवस जवळ आले की स्त्रीला सुमारे तीन आठवडे आधी नॉर्वेच्या मुख्य भूमीवर जावे लागते. आणि म्हातारपण आले, स्वतःचा निर्वाह स्वतः करता येईना, की गाव सोडावे लागते. कारण तेथे वृद्धाश्रम नाही आणि निर्वाहास असमर्थ मनुष्यास परत पाठविण्याचा अधिकार सरकारी अधिकाऱ्यास आहे. 'तेथे मरण्यास बंदी आहे' असे गमतीने म्हणतात, ते खरे नव्हे. गोठलेल्या जमिनीमुळे शवपेट्यांचे दफन फार पूर्वी थांबले, इतकेच. रक्षापात्र पुरता येते. तात्पर्य, हे गाव कामकरी माणसाचे आहे. बहुतेक लोक काही वर्षे राहतात आणि निघून जातात.

आता तर ती कोळशाची काळीही गेली. गावाला वीज व ऊब पुरविणारे कोळशाचे केंद्र २०२३ साली बंद होऊन त्याची जागा डिझेलने घेतली. आणि २०२५ साली सातव्या क्रमांकाची खाण, म्हणजे स्वालबार्डवरील नॉर्वेची अखेरची खाण, बंद झाली. आता गाव प्रवासी, संशोधन व शिक्षण यांवर जगते. तेथील हवाही जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी वेगाने तापत आहे. १९ डिसेंबर २०१५ रोजी डोंगरावरून हिमकडा कोसळून अकरा घरे उद्ध्वस्त झाली व दोघांचा अंत झाला, त्यांत एक लहान मुलगी होती. त्यानंतर डोंगरपायथ्याची पुष्कळ घरे मोडण्यात आली आणि तेथील लोकांस दुसरीकडे जावे लागले.

या दूरच्या भूमीशी आपला संबंध नाही असे कोणी समजू नये. स्वालबार्डवर नॉर्वेची सत्ता मान्य करणारा करार ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिस येथे झाला, त्यात हिंदुस्थानचेही नाव आहे. तेथील नी-ऑलेसुंड या संशोधकांच्या वस्तीत १ जुलै २००८ रोजी भारताचे 'हिमाद्री' केंद्र उघडले. त्याचा कारभार गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडून चालतो. त्याच वर्षी लाँगइयरब्येनजवळच्या डोंगरात जागतिक बियाणे भांडार सुरू झाले. उणे १८ अंशांत तेथे जगभरच्या पिकांचे बी राखून ठेवतात. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील संस्थेने पाठविलेले ज्वारी, तूर, हरभरा यांचे बीही त्यात आहे. ज्या गावात एक कणीस पिकत नाही, त्याने आपल्या भाकरीचे बी सांभाळावे, हा केवढा योग!

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. काळी नसलेले गाव जगते ते दुसऱ्यांच्या श्रमांवर व बाहेरून येणाऱ्या मालावर. आपलेही तसेच झाले आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली, भाताची खाचरे गेली, इमारती आल्या. विमानतळासाठी दहा गावांतील कुटुंबांस घरे सोडावी लागली आणि त्यांतील काहींस वडघर-करंजाडे भागात भूखंड मिळाले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या विमानतळाचे उद्घाटन झाले. आपले पाणी दूरच्या धरणातून येते, भाजी घाटावरून येते आणि एक दिवस नळ कोरडा राहिला की आपण टँकरची वाट पाहतो.

तरीही एक ठेवा आपल्यापाशी आहे, जो लाँगइयरब्येनपाशी नाही. येथे जन्मलेले व येथेच म्हातारे झालेले लोक आपल्या घरांत आहेत. कोणत्या इमारतीखाली कोणते शेत होते, त्यास काय म्हणत, पाणी कोणत्या विहिरीचे भरीत, हे त्यांस ठाऊक आहे. विद्यार्थिमित्रहो, या सुट्टीत आपल्या आजीआजोबांजवळ बसा, ती नावे विचारा आणि वहीत उतरून घ्या. पालकांनीही यास हातभार लावावा. काळी गेली ती परत यावयाची नाही. परंतु तिची नावे सांगणारे आहेत तोवर ती लिहून घेणे आपल्या हाती आहे. अशा वह्या आमच्याकडे आल्या, तर त्यांतील निवडक मजकूर पुढील वर्षीच्या अंकात आम्ही आनंदाने छापू.